आपसात न्हाई

देवळाली प्रवऱ्यात मच्छिंद्र वायरमनच्या पडवीत ज्यानं कधी चहा घेतला नाही, असा माणूस एक तर गावात नवा असायचा, नाहीतर मच्छिंद्रच्या एखाद्या खोडीत पोळलेला असायचा. तिसरा प्रकार गावात नव्हता.

पडवी तरी काय मोठी! बारा बाय दहाची, रस्त्याकडं तोंड केलेली, वर पत्रा. एका अंगाला विहिरीवरच्या मोटारींत नवी तार भरायचं मशीन, खाली जळक्या मोटारींचा ढिगारा, भिंतीवर खिळ्यांना तांब्याच्या तारेची वेटोळी. आणि समोर एसटीच्या भंगारातून आणलेलं दोन माणसांचं सीट. त्या सीटवर खिडकीच्या बाजूला मच्छिंद्र आणि दुसऱ्या बाजूला चांदभाई. खिडकी नव्हतीच, पण जागा ठरलेल्या होत्या. तीस वर्षं सकाळी सातला चांदभाई यायचा, मच्छिंद्रची बायको केशरबाई आतून दोन कप पाठवायची, आणि आज कोणाची फिरकी घ्यायची ते दोघं मिळून ठरवायचे.

खोड्यांमधली कामं वाटलेली होती. हात मच्छिंद्रचा, तोंड चांदभाईचं. मच्छिंद्रनं एकदा सोसायटीच्या सेक्रेटरीच्या स्कूटरची वायर अशी फिरवली की ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा आणि हॉर्न दाबला की स्कूटर बंद. ते काम चालू असताना चांदभाई सेक्रेटरीला पारावर बसवून उसाच्या पाचटाबद्दल अर्धा तास बोलत होता, तोंडावरची एक सुरकुती न हलवता. पुढं आठ दिवस सेक्रेटरी गावातून वरात निघाल्यासारखा फिरला, आणि दर वेळी चांदभाईच त्याला काळजीनं विचारायचा, "साहेब, गाडीला काय झालंय वो?"

मच्छिंद्र म्हणायचा, "चांद्या, तुझ्या तोंडाला वायरिंगच न्हाई. आत किती बी लोड येऊ दे, बाहेर दिवा म्हणून लागत न्हाई."

पण एक नियम होता. दोघं विशीत असताना, चांदभाईच्या बापाच्या गुऱ्हाळावर कढई उतरली होती, तेव्हा एकाच केळीच्या पानावरचा ऊन ऊन गूळ बोटानं चाटून दोघांनी ठरवलं होतं. गाव आपलं, पाव्हणे आपले, सगळं आपलं. पण आपसात न्हाई. एकमेकाची खोडी काढायची नाही. बायकोला दिलेला शब्द मच्छिंद्रनं पन्नास वेळा मोडला असेल. हा मोडला नव्हता.

आता कुरबुर कुठं लागली, तर पडवीवरून.

मच्छिंद्रचा पोरगा सुनील, आणि सून रुपाली. रुपाली राहुरीला जाऊन केक करायला शिकली होती. आजकाल गावात म्हशीच्या रेडकाचा वाढदिवस असला तरी केक लागतो. पोरगी स्वैपाकघरातल्या एका कोपऱ्यात ओव्हन मांडून केक करायची, आणि चव अशी की गिऱ्हाईक बशी चाटून द्यायचं. तिला दुकान पाहिजे होतं. आणि घरात रस्त्याकडं तोंड असलेली जागा एकच.

"नाना, मोटारी भरायला मागचा गोठा हाय की रिकामा," सुनील म्हणाला. "म्हशी इकून चार वर्सं झाली."

"मग मी काय म्हैस हाय व्हय, गोठ्यात बसायला?"

"तसं न्हाई..."

"मी मेल्यावर घ्या पडवी. तवर तिथं केक न्हाई आन् बेक न्हाई."

शेजारी बसलेल्या चांदभाईनं चहाचा घोट घेतला आणि मान डोलावली. "बरोबर हाय मच्छ्याचं. माणसाची बैठक मोडू ने."

सुनील पाय आपटत आत गेला. रुपाली दारात उभी होती. तिनं नुसतं कप उचलले. मच्छिंद्रला वाटलं, जिंकलो. आपल्या बाजूनं बोलणारा एक माणूस जवळ असला की माणसाला लई लवकर जिंकल्यासारखं वाटतं.

भाद्रपदात पितरपाट लागला आणि पहिली गांधीलमाशी आली.

एकच आली, पिवळ्या पट्ट्याची, कंबर अशी बारीक की मधे दोरा बांधलाय म्हणावं. पाय लोंबकळत सोडून ती पत्र्याखाली घिरट्या घालायला लागली. मच्छिंद्रनं पेपरची सुरळी केली, चांदभाईनं ती त्याच्या हातातून काढून घेतली. "मारू नको. एक मारली तर वासानं धा येत्यात."

दुसऱ्या दिवशी न मारताच धा आल्या. घट बसले त्या दिवशी पडवीत उभं राहायची सोय राहिली नव्हती. वरच्या वाशांत, पत्र्याच्या सांदीत, भिंतीवरच्या तारांत, जिकडं बघावं तिकडं गरगर. माणूस मोटार घेऊन यायचा, दारातूनच बघायचा आणि म्हणायचा, "नाना, दिवाळीनंतर येतो."

मच्छिंद्रनं काय करायचं ठेवलं नाही. गोवऱ्या आणि कडुलिंबाचा पाला पेटवून असा धूर केला की तीन घरं पलीकडची म्हातारी आग लागली म्हणून बादली घेऊन आली. धुरानं मच्छिंद्रचे डोळे गेले, माश्या निवांत. दुकानातून फवाऱ्याचा डबा आणला, तो मारला. त्यानं चार पडल्या, बाकीच्या चिडल्या. पत्र्याच्या भोकांत चिंध्या कोंबल्या. माश्या समोरून आल्या, दारानं, पाव्हण्यासारख्या.

"पोळं कुटं हाय, ते सापडलं पायजे," चांदभाई म्हणाला. "वर चढ. मी शिडी धरतो."

मच्छिंद्र चढला. अंगात सुनीलचा रेनकोट, डोक्यात हेल्मेट, हेल्मेटवर मच्छरदाणी, हातात काठीला बांधलेला रॉकेलचा बोळा. रस्त्यावर पंधरा-वीस माणूस जमलं. आयुष्यभर दुसऱ्याचा तमाशा केलेल्या माणसाचा तमाशा फुकट बघायला मिळतोय म्हटल्यावर कोण सोडतो?

"नाना, चंद्रावर चाल्लाय का?"

"व्हय, तुझ्या सासरवाडीला!" मच्छिंद्र वरून ओरडला, आणि शिडी हलली. "चांद्या, धर की नीट!"

"धरली हाय. उजवीकडं बघ. आनखी उजवीकडं. त्या कोपऱ्यात काळं काय दिसतंय?"

उजव्या कोपऱ्यात जळमट होतं. मच्छिंद्रनं वाकून काठी घातली, मच्छरदाणी खिळ्याला अडकली आणि टराटरा फाटली. पुढचं सांगायची गरज नाही. अकरा ठिकाणी डंख. ओठ असा सुजला की तीन दिवस त्याला 'प' म्हणता येईना. शिडीवरून सुटला तो थेट चांदभाईच्या अंगावर. चांदभाईनं त्याला कवेत झेललं, खांद्यावर घालून आत नेलं, आणि केशरबाईला ओरडून चुना आणायला सांगितला.

केशरबाईनं चुना लावला, कांदा चोळला, डंखांवर लोखंडी उलथनं घासलं. "लेकरासारखं कशाला वर चढायचं वो तुमी," म्हणून डोळ्याला पदर लावला. दवाखान्यात इंजेक्शन दिलं. डॉक्टर म्हणाला, "काका, पुन्हा एवढ्या चावल्या तर मला बोलवू नका, सरळ नगरला न्या."

मच्छिंद्र मागच्या खोलीत पडून राहिला. दसऱ्याला हत्यारं पुजायची असतात. दर वर्षी पडवीत मशीनला झेंडूचा हार पडायचा. या वर्षी सुनीलनं आणि चांदभाईनं मिळून मशीन, पान्हे, पकडी, तारा, सगळं हळूहळू काढून गोठ्यात नेलं. एसटीचं सीटही नेलं. "तात्पुरतं, नाना," सुनील म्हणाला. पूजा गोठ्यात झाली. झेंडूला गोठ्याचा वास आला.

संध्याकाळी सुनील सोनं द्यायला पायाशी वाकला आणि तिथंच बसून राहिला.

"नाना, येक बोलू का? रागाला येऊ नका. पडवीला वरून सिलिंग मारून घेतो. भेगा बुजत्यात, माश्याचा बंदोबस्त व्हतोय. पन मग खर्च केल्यावर... रुपालीचं दुकान टाकावं का? पाडव्याचा मुहूर्त हाय."

मच्छिंद्रनं चांदभाईकडं पाहिलं. चांदभाई खाली बघत होता. मग म्हणाला, "जीव हाय तर बैठक हाय, मच्छ्या. बसू की गोठ्यात. सीट तर हाय आपलं."

गडी थकला होता. सुजलेल्या ओठानं म्हणाला, "घ्या मग." आणि भिंतीकडं तोंड करून निजला. आवाज झाला नाही, पण पांघरूण हलत होतं. तीस वर्षांची पडवी गांधीलमाशीनं घेतली. माणसानं घेतली असती तर भांडला तरी असता.

दुसऱ्या दिवशी सिलिंगवाला येणार होता. मच्छिंद्रला आठवलं, की वर तुळईला तो पहिल्यांदा वायरिंग शिकला तेव्हाची चिनी मातीची, फ्यूजची कटआउट ठोकलेली आहे. ती राहून जायला नको. सकाळच्या गारव्यात माश्या सुस्त असतात, म्हणून तो गोधडी पांघरून एकटाच शिडी लावून चढला. या खेपेला डाव्या बाजूनं.

डाव्या बाजूला, तुळई आणि पत्रा यांच्या मधे, नारळाची करवंटी बांधलेली होती.

बारीक तारेनं, नीट. आत काळपट चिकट फडकं. त्यानं नाक जवळ नेलं. काकवी. गुऱ्हाळावरची, रस आटून गूळ व्हायच्या आधीची पातळ गोड काकवी. आणि त्या गोडाच्या खालून दुसरा वास वर आला. सुकट. वाळलेल्या बारक्या मासळीची पुरचुंडी, फडक्याच्या पोटात.

मच्छिंद्र शिडीवरच बसला.

पंचवीस वर्षांपूर्वी गावातल्या तालमीच्या खोलीत बदलून आलेला एक साहेब बिऱ्हाड मांडून बसला होता. पोरांना जोर मारायला जागा राहिली नाही. अर्ज झाले, विनंत्या झाल्या, साहेब हलेना. मग मच्छिंद्रनं डोकं चालवलं. नुसत्या गोडावर मुंग्या येतात, चिलटं येतात. गांधीलमाशीला गोडाबरोबर मांस लागतं. काकवीत सुकट, करवंटीत फडकं. चार दिवसांत साहेबानं टेम्पो बोलावला. ही करवंटी कशी बांधली आणि तिच्यात काय घातलं, हे जगात दोन माणसांना ठाऊक होतं. त्यांतला एक शिडीवर बसला होता.

"उजवीकडं बघ. आनखी उजवीकडं."

त्यानं करवंटी सोडवली आणि खाली उतरला. स्वैपाकघरात केशरबाई चुलीपुढं होती. करवंटी त्यानं तिच्यापुढं ठेवली. तिनं एकदा बघितलं आणि पीठ मळायला लागली.

आणि मग मच्छिंद्रला आणखी एक गोष्ट उमगली. ही बाई अशी, की त्यानं राहुरीच्या बाजारात अंडं खाल्लं तर हिला घराच्या दारात वास यायचा. नवरात्राचे नऊ दिवस घरात कांदा-लसूण नाही. आणि नऊ दिवस डोक्यावर सुकट टांगलेली असताना हिच्या नाकाला काही लागलं नाही?

"तुला बी ठावं हुतं," तो म्हणाला.

"पत्र्यावर हुतं. घटाच्या खोलीत न्हवतं," केशरबाई म्हणाली. "तरी बी मी देवीची माफी मागून घेतली."

"देवीची मागितली. माझी?"

केशरबाईचे हात पिठात थांबले. "तुमी सरळ बोलून कवा ऐकलंय? पोरीनं किती दिवस त्या कोपऱ्यात उकडून घ्यायचं? आन् मला काय ठावं तुमी वर चढनार म्हनून. चांदभाई म्हनले, चार दिवसांत कट्टाळून पडवी सोडंल."

"चुना लावलास की मला."

"डंखाला लावला."

"त्योच म्हनतो मी."

तो तसाच पाटाच्या कडेनं चालत गुऱ्हाळावर गेला. चुलवण धडधडत होतं, कढईत रस उसळत होता, आणि चांदभाई लांब दांड्याच्या झाऱ्यानं वरची मळी काढत होता. मच्छिंद्रच्या हातातली करवंटी त्यानं लांबूनच ओळखली. झारा बाजूला ठेवला. आणि तोंडावर, ज्या तोंडाला वायरिंग नव्हतं त्या तोंडावर, हळूहळू हसू फुटलं.

"घावली व्हय? मला वाटलंच, कटआउट काढायला चढशील. तारेचा पीळ वळखला का? तुझ्यावानीच मारला."

मच्छिंद्रनं करवंटी त्याच्यापुढं धरली.

"अरे हास की! येवढी जबरी खोडी झाली. सगळं गाव हसंल. तुझीच कला, तुझ्यावरच. पोरं माझ्याकडं आली रं. सून रडली माझ्यापुढं. म्हनली, चाचा, तुमीच समजवा. मी म्हनलं, मच्छ्या शब्दानं हलायचा न्हाई. माशीनं हलंल."

"सीटवर माझ्या शेजारी बसून म्हनलास, बैठक मोडू ने."

"म्हनावं लागतं. तोंड माझं काम हाय ना?"

"लोकापुढं. माझ्यापुढं न्हाई."

चांदभाईचं हसू थोडं अडलं. "तू चढशील आसं वाटलं न्हवतं. आन् चढलास तर मी शिडी धरली हुती का न्हाई? धरली म्हनून तर हाडं शाबूत हायती."

"शिडी धरून उजवीकडं बघ म्हनलास."

"डावीकडं म्हनलं असतं तर करवंटी लगीच घावली नसती का?"

"आपसात न्हाई, आसं ठरलं हुतं चांद्या." मच्छिंद्रनं कढईकडं बोट केलं. "हितंच. हाच गूळ चाटून."

"ती पोरवयातली गोष्ट..."

"माझी न्हवती पोरवयातली. माझी कालपतोर चालू हुती."

करवंटी त्यानं चुलवणात टाकली. काकवी चर्रकन जळाली आणि सुकटीचा वास साऱ्या गुऱ्हाळावर पसरला. चांदभाई काही म्हणाला, पण मच्छिंद्र तोवर पाटावर पोचला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चांदभाई गोठ्याच्या दारात उभा. मोठा हुशार माणूस, त्याला वाटलं राग रात्रीत उतरला असेल. मच्छिंद्र सीटवर बसला होता, पण खिडकीच्या बाजूला नाही. बरोबर मधोमध. दोन माणसांच्या सीटवर मधोमध माणूस बसला की दुसऱ्याला जागा नसते. केशरबाईचे दोन कप आले. मच्छिंद्रनं एक प्याला. मग दुसरा प्याला. दोन्ही कप एकात एक घालून ठेवले आणि मोटार उघडायला घेतली. चांदभाई थोडा वेळ उभा राहिला, कोरं तोंड करून. मग गेला. त्यानंतर आला नाही.

इकडं पडवीला सिलिंग झालं, गुलाबी रंग लागला, काचेचं कपाट आलं. हाकललेल्या गांधीलमाश्यांनी मात्र गाव सोडलं नाही. त्यांनी गोठ्याच्या आढ्याला, मच्छिंद्रच्या डोक्याच्या जरा मागं, राखाडी कागदाच्या कळीसारखं पोळं करायला घेतलं. मच्छिंद्रनं पाहिलं आणि सोडून दिलं. माश्या त्याला शिवायच्या नाहीत, तो माश्यांना शिवायचा नाही. दोघंही पडवीतून उठवलेले.

पाडव्याला दुकान उघडलं. फुगे, रांगोळी, पाहुणे. रुपालीनं पहिला केक कापला, तीन मजली, वर साखरेचे गुलाब. आणि क्रीमचा वास रस्त्याला लागला न लागला तोच गोठ्याकडून एक एक करत पन्नासेक गांधीलमाश्या आल्या आणि साखरेच्या गुलाबांवर अशा बसल्या, की त्यांनाच आमंत्रण होतं. फुगे फुटले, पोरं पळाली, रुपालीच्या डोळ्याखाली डंख बसला. गिऱ्हाइकांनी रस्त्याच्या पलीकडून हसून हसून पोट धरलं.

"मच्छूनानानं व्याजासकट फेडलं!"

सुनील रागानं गोठ्यात शिरला. "नाना, घरच्या लक्ष्मीच्या तोंडावर माश्या सोडल्या तुमी?"

"मी काय बी केलं न्हाई."

"मग ह्ये काय?" त्यानं आढ्याकडं बोट केलं. "पाळल्यात?"

"त्येंचं त्येंनी केलं. आईच्यान, मी हात लावला न्हाई."

सुनील हसला, कडवट. मच्छिंद्रनं ते हसणं बघितलं आणि त्याला समजलं, की आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलतोय आणि घरातलं कोणी ते घ्यायला तयार नाही. गावानं तर शाबासकी दिली होती. जी खोडी त्यानं केलीच नाही, तिच्यासाठी दोन दिवस लोक येऊन त्याच्या पाठीवर थाप मारत होते. एकजण पेढे घेऊन आला. मच्छिंद्रनं परत पाठवले.

तीन दिवस दुकान बंद राहिलं. चौथ्या दिवशी दिवस कलल्यावर रुपाली गोठ्यात आली. एक डोळा सुजून मिटलेला. हातात बशी, बशीत साध्या केकचा तुकडा, क्रीम नसलेला. ती सीटजवळ खाली बसली.

"नाना, तुमी न्हाई केलं, मला ठावं हाय."

"कशावरनं?"

"करवंटी न्हवती. मी सगळं दुकान उलटं करून बघितलं." तिनं बशी सीटवर ठेवली. "आधीची मी भरली हुती. चाचानी सांगितलं तसं. तार त्यांनी बांधली, पन फडकं मी भरलं. तुमी शिडीवरनं पडला, त्या दिवशी सांगनार हुते. तुमचा ओठ बघितला आन् मला भ्या वाटलं. मग रोज वाटलं, उद्या सांगू."

मच्छिंद्रनं तिच्याकडं पाहिलं. बायको देवीची माफी मागून मोकळी झाली होती. पोरगा सिलिंग मारून मोकळा झाला होता. चांद्या हसून मोकळा झाला होता. ही एकटी सुजल्या डोळ्यानं खाली बसली होती.

"बरं झालं असतं पोरी, आधी येऊन मागितली असतीस तर."

"दिली असती?"

मच्छिंद्रनं विचार केला. खोटं बोलावंसं वाटलं, पण सवय मोडली होती. "न्हाई," तो म्हणाला. "पन मागितलेली बरी असती."

त्यानं केकचा तुकडा मोडला, तोंडात टाकला. चांगला झाला होता. त्याचा राग आणखी थोडा वाढला, कारण केक खरंच चांगला झाला होता.

"रॉकेलचा बोळा करून आण," तो म्हणाला. "दिवस मावळला की माश्या पोळ्यात गोळा व्हत्यात. आजच उरकू."

ती बोळा घेऊन आली, काठी आली, गोधडी आली. सुनील शिडी घेऊन आला, आणि डॉक्टर काय बोलला होता ते आठवून घाबरला. "नाना, तुमी नको. मी चढतो."

"पोळं उलटं हाय का सुलटं, ते तरी समजतं का तुला? सरक."

पोरगं तिथून गेलं ते थेट कोणाला बोलवायला गेलं असेल, हे सांगायला नको. मच्छिंद्रनं शिडी आढ्याला टेकवली. गोठ्याची जमीन उंचसखल, शिडीचा एक पाय हवेत. दोन पायऱ्या चढला आणि शिडी एकदम घट्ट झाली. खाली न बघताच त्याला समजलं. त्या हातांची पकड त्याला तीस वर्षं माहीत होती. काकवीचा वास येत होता.

"सोड," तो म्हणाला.

"मच्छ्या, जमीन सारखी न्हाई. डॉक्टर काय म्हनला हुता..."

"शिडी सोड, चांद्या."

"पडशील रं."

"पडलो तर माझा मी पडंन. तू धरल्यावर मी कुटं पडलो ते मला आजून कळंना झालंय."

केशरबाई दारात येऊन उभी होती, तिच्या मागं सुनील. मग शिडी सैल झाली, आणि तिचा हवेतला पाय टक्कन जमिनीला लागला आणि परत उचलला.

मच्छिंद्र चढत गेला. रॉकेलचा बोळा पेटवून रुपालीनं काठी वर दिली. आढ्याजवळ पोचल्यावर त्यानं एकदा खाली पाहिलं. चांदभाई तिथंच उभा होता. दोन्ही हात पुढं, पंजे उघडे, शिडीपासून वीतभर लांब. धरलेली नव्हती, पण हात खाली घेतले नव्हते. आणि तोंड... त्या तोंडावर या खेपेला सगळं दिसत होतं.

"हलतीय रं," चांदभाई म्हणाला.

"हलू दे," मच्छिंद्र म्हणाला, आणि त्यानं जाळ पोळ्याला लावला.